दोन पॉइंट उजळ

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं लोटली आहेत की आता मी तुमच्यावर चिडलो तर कोणाची हरकत नसावी. तुम्ही होतात तेव्हा चिडता आलं नाही, कारण तुम्ही गुरू, आणि आमच्या घरात गुरूवर चिडायची सोय नव्हती. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. गुरू रागावतात, शिष्य रागावत नाही, हे मला शब्दरूपं पाठ होण्याच्याही आधी कळलेलं. तुम्ही गेलात तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प बसलो. राग तसाच राहिला, बरणीत. आमच्याकडे लोणचं आणि राग दोन्ही मुरवतात. आज बरणी उघडतोय. झाकण घट्ट बसलंय, पण निघेल.

मी कदाचित तुम्हाला आठवणार नाही, म्हणून ओळख देतो. संस्कृत घेऊन बी. ए. झालेला आणि तरीही सिनेमा शिकायला आलेला तो. तुम्ही मला 'शास्त्रीबुवा' म्हणायचात. पहिल्या दिवशी मी हिरवा शर्ट घालून ग्रेडिंगच्या खोलीत शिरत होतो, तर तुम्ही दारातच अडवलंत. "शास्त्रीबुवा, हा पोपट घरी ठेवून या. इथे रंग फक्त पडद्यावर." त्या खोलीच्या भिंती राखाडी, खुर्च्या राखाडी, तुमचा सफारी राखाडी. शेजारी भडक रंग असला की डोळे खोटं बोलायला लागतात, असं तुमचं म्हणणं. काम करता करता मध्येच आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवायचात, जेवताना मधे पाण्याचा घोट घ्यावा तसं. तेव्हा सगळं फिल्मवर. निगेटिव्हवरून प्रिंट छापताना एकेका शॉटला लाल, हिरवा आणि निळा उजेड किती द्यायचा हे ठरवणं, म्हणजे ग्रेडिंग. आणि त्या उजेडाचं माप म्हणजे पॉइंट. एका पॉइंटाचा फरक बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. तुम्हाला दिसायचा. नुसता दिसायचा नाही, खुपायचा. दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखा तो निघेपर्यंत तुम्हाला चैन नसायचं. हे मी रागातसुद्धा मान्य करतो. रागातसुद्धा खरं बोलावं असं वडिलांनी शिकवलंय, आणि त्याचा त्रास जन्मभर झालाय.

मशीनपाशी फिल्मची एक पट्टी टांगलेली असायची. कच्च्या फिल्मबरोबर परदेशातून आलेली. तिच्यावर एक राखाडी चौकोन आणि त्याच्या शेजारी एक गोरी बाई. गाल गुलाबी, खांदे उघडे, जगात डास नावाची गोष्टच नाही असं हसू. तिचा गाल पट्टीवर दिसतो तसा छापून आला की मशीन बरोबर, रसायन बरोबर, सगळं बरोबर. आम्ही पोरं तिला 'पट्टीवरची वहिनी' म्हणायचो, आणि हळूहळू तुम्हीही म्हणायला लागलात. कोणाच्याही शॉटमधला चेहरा तुम्हाला पटला नाही की तुम्ही म्हणायचात, "वहिनींना विचारा." मग तो पैलवानाचा चेहरा असो, मार्केट यार्डातल्या हमालाचा असो, की शेतातून आलेल्या म्हातारीचा, तो वहिनींच्या गालाशी लावून बघायचा. त्या वयात मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मानदंड म्हटला की तो बाहेरून यायचाच. सोन्याच्या लंकेत सुद्धा वजनकाटे बाहेरूनच आले असतील.

मग तुम्ही आम्हाला मंडईत नेलंत. त्या सकाळसाठी मी तुम्हाला नमस्कार करतो, आणि शिव्या पुढच्या परिच्छेदांसाठी राखून ठेवतो. मंडईत दगडी खांबांमधून कोवळं ऊन आत येतंय. तुम्ही आम्हाला वांग्यांच्या ढिगासमोर उभं केलंय. "रंग सांगा, शास्त्रीबुवा." मी म्हटलं, "जांभळा." तुम्ही म्हणालात, "हे पुस्तकातलं वांगं. समोरचं सांगा." मी वाकून बघतोय, बाकीचे वाकून बघतायत, आणि ढिगामागची बाई आमच्याकडे बघतेय. ती म्हणाली, "घ्यायची हायेत का नुसती बघायची?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "बघायचीच आहेत, बाई." "मग तिकीट काढा," ती म्हणाली. तुम्ही तिकीट म्हणून अर्धा किलो घेतलीत, आणि एक वांगं माझ्या नाकासमोर फिरवत जे बोललात ते मला अजून तोंडपाठ आहे. "खाली काळा आहे. काळ्याच्या पोटात तांबडा आहे. वर जे चकाकतंय ते वांग्याचं नाही, आभाळाचं आहे. काळ्याला नुसतं काळं म्हणून सोडून देणारा माणूस ग्रेडर नव्हे. काळ्यात काय काय आहे ते बघायला शिक." सर, मी इतकी वर्षं संस्कृत शिकलो, काळ्या रंगाला श्याम, असित, नील, मेचक असे ढीगभर शब्द मला येत होते. पण काळा रंग बघायला मला कोणी शिकवलं असेल तर ते तुम्ही, त्या सकाळी, अर्धा किलो वांगी हातात धरून. आणि म्हणूनच पुढे जे केलंत त्याला माफी नाही.

त्यानंतर रंगीत फिल्मचा अभ्यास म्हणून प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. मी आईवर केली. कथानक काय, तर आई मंडईतून वांगी आणते आणि घरी भरली वांगी करते. शेवटी वांगी शिजतात. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढं भक्कम कथानक मला पुन्हा मिळालं नाही. आईनं कॅमेऱ्यासमोर एकच अट घातली होती: "मला हस म्हणायचं नाही." स्वयंपाकघरात खिडकीचा उजेड, पितळेचा डबा, परातीत वांगी, हळद, तीळकूट, कोथिंबीर, आणि त्या सगळ्यावर वाकलेली आई. आई काळी होती, सर. सावळी नव्हे, निमगोरी नव्हे, गहूवर्णी तर नव्हेच. हे सगळे शब्द मुलीचं लग्न जमवताना रंगात पाणी घालायला काढलेले आहेत. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आत्यानं तिला दारातच 'काळुंद्री' म्हटलं होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं आत्याच्या तोंडी तिचं तेच नाव होतं. आमच्या देवघरातला शाळिग्राम काळाकुळकुळीत. त्याला वडील रोज चंदनाचा एक ठिपका लावायचे. अख्खा माखून गोरा करावा असं त्यांच्याही कधी मनात आलं नाही. देवाला चालतं ते सुनेला का चालत नाही, हे आईनं एकदा आत्याला विचारलं होतं म्हणे. उत्तर म्हणून आईच्या वाट्याचा कुळाचार वाढला.

मी ग्रेडिंग करून आणलं. राखाडी शर्ट घालून, मधेमधे भिंतीकडे बघून, वांग्यांच्या पोटातला तांबडा शोधून. वांगी बरोबर आली तसा आईचा चेहराही बरोबर आला. एकच खिडकी, एकच उजेड, तो काय वांग्यांना वेगळा आणि बाईला वेगळा पडणार? मी खूश होतो. सगळ्यांसमोर रीळ लावलं. तुम्ही मागून म्हणालात, "शास्त्रीबुवा, फिल्ममध्ये आई आहे म्हणालात. मला एक पातेलं दिसतंय, आणि त्याला दात दिसतायत." वर्ग हसला. राखाडी भिंतींवर हसणं फार स्वच्छ उमटतं, दुसरा कुठलाही रंग मधे येत नाही ना. मी म्हटलं, "सर, ती तशीच आहे." तुम्ही म्हणालात, "वहिनींना विचारलं का?" आणि पुन्हा हसू. तेवढ्यावर थांबला असतात, तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेलो असतो. एक कुजकट मास्तर; पुण्यात त्यांची काय टंचाई आहे? पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. तुम्ही माझ्यावर उपकार केलात.

मी गावाला गेलो असताना तुम्ही स्वतः मशीनवर बसून माझी फिल्म पुन्हा ग्रेड केलीत आणि त्याची प्रिंट छापून घेतलीत. मला न विचारता. तुम्ही कोणाही विद्यार्थ्याचं काम स्वतः बसून करत नसात, त्यामुळे सगळे माझा हेवा करत होते. "आईचं आहे ना, म्हणून बसलो," तुम्ही म्हणालात, आणि प्रिंटचा डबा प्रसादासारखा माझ्या दोन्ही हातांत ठेवलात. प्रसाद उघडून बघत नाहीत. मी पाहिली ती थेट फिल्म दाखवायच्या दिवशीच. आई, वडील, आत्या, दोन काका, सगळे रांगेत बसलेले. आणि पडद्यावर एक गोरीशी बाई वांगी भरत होती. आईचीच साडी, आईचेच हात, कढईतला डाव फिरवायची आईचीच पद्धत. रंग मात्र पट्टीवरच्या वहिनींच्या घरातला. चेहरा उजळ करायला सगळाच शॉट उजळ करावा लागतो, त्यामुळे मागची भिंत पांढरी फटक पडली होती, हळद फिकटली होती, आणि वांगी, ज्यांच्यासाठी तुम्ही मंडईत तिकीट काढलं होतंत ती वांगी, राखेत लोळवल्यासारखी दिसत होती. दिवे लागले. आत्या म्हणाली, "अगं वहिनी, कित्ती उजळलीस!" काळुंद्री नाही, वहिनी म्हणाली. वडील म्हणाले, "प्रकाशयोजना उत्तम." आईनं तुम्हाला वाकून नमस्कार केला, आणि तुम्ही तो घेतलात.

घरी जाताना रिक्षात आई म्हणाली, "छान होती रे ती." मी म्हटलं, "ती कोण? तूच होतीस." "हो का?" आई म्हणाली. मग लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत रिक्षा अडकली असताना, "पण वांगी शिळी का दिसत होती? मी कधी शिळी वांगी आणली होती का रे घरात? लोकांना काय वाटलं असेल?" सर, त्या दिवशी तिनं तेवढीच तक्रार केली, वांग्यांच्या वतीनं. स्वतःच्या वतीनं तक्रार करायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खोलीत आलो. धीर करून म्हटलं, "सर, ही माझी आई नाही." "मग कोणाची आहे?" तुम्ही म्हणालात. "सर, तिचा रंग..." तुम्ही चहा बशीत ओतलात, फुंकर मारलीत. "शास्त्रीबुवा, चारचौघांत नेताना आईला बरी साडी नेसवून नेता ना? तसं समजा. पडदा म्हणजे चारचौघंच." मी उभा राहिलो. तुम्ही चहा प्यायलात. मी नमस्कार करून बाहेर आलो. आई तिची साडी स्वतः नेसते, सर. ती तिला मीही नेसवत नाही आणि तुम्हीही नेसवायची गरज नव्हती. हे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी कात्रजच्या चौकात, ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना सुचलं. इतकं बरोबर होतं की मी गाडीत मोठ्यांदा बोललो. शेजारच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून विचारलं, "काय म्हणता?" त्याला काय सांगणार?

पुढे त्या प्रिंटवरून कोणीतरी कॅसेट काढली, कॅसेटची सीडी झाली, आणि ती फिल्म आमच्या नातेवाइकांत सत्यनारायणाच्या पोथीसारखी घरोघरी फिरायला लागली. कुठेही लागली की आईला स्वयंपाकघरात काम निघायचं. तिनं ती पुन्हा कधीही बसून पाहिली नाही. मग एका वर्षी आई गेली. तिचं चालतंबोलतं असं जे काही आहे ते तेवढंच. बाकी लग्नातला एक कृष्णधवल फोटो, आणि एक स्टुडिओतला, ज्यात फोटोग्राफरनं ब्रशनं गाल रंगवलेत. म्हणजे त्या धंद्यातही तुमची माणसं होतीच.

तुम्ही गेलात तेव्हा मी शोकसभेला आलो होतो. तुमचा स्वतःचा रंग, सर, आईपेक्षा काकणभर गडदच होता. आणि हार घातलेल्या फोटोत तुम्ही गुलाबी होतात. कुठल्या तरी गुणी शिष्यानं तुमच्यावर तुमचाच धडा गिरवला होता. मला हसू आवरेना, रुमालात तोंड खुपसलं, खांदे हलायला लागले, तर शेजारचे गृहस्थ माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "फार जवळचे होते का?" त्याच क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की लहानपणी तुम्हालाही कोणी पातेलं म्हटलं असेल. वाटलं, आणि मी तो विचार हाकलून दिला. मला तुमची कीव करायची नव्हती. आजही करायची नाही. ज्या माणसाला वांग्यातला काळा दिसत होता त्याला माझ्या आईतला दिसला नाही, एवढंच मला धरून ठेवायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका फिल्मच्या रंगावरून इतकं काय? सांगतो. मला एक मुलगी आहे. ती थेट माझ्या आईवर गेली आहे: तेच नाक, तीच डाव फिरवायची पद्धत, तोच रंग. गेल्या दिवाळीत चुलतभावाकडे सगळे जमलो होतो. फराळ झाल्यावर त्यानं टीव्हीवर ती फिल्म लावली. चुलतवहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा आई नव्हती, त्यामुळे तिनं आई पाहिली ती अशीच. ती माझ्या मुलीला म्हणाली, "काय रंग होता गं तुझ्या आजीचा! तू कोणावर गेलीस?" आणि आत्या, सर, माझी आत्या, आता नव्वदीच्या घरातली, सोफ्यावरून म्हणाली, "हो गं, लख्ख होती वहिनी. दुधासारखी." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. काळुंद्री म्हटलेलं ती विसरली होती आणि तुमचे पॉइंट तिच्या लक्षात राहिले होते. माझी मुलगी म्हणाली, "मी आजोबांच्या शाळिग्रामावर गेलेय." सगळे हसले. ती नाही हसली.

घरी येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "बाबा, आजी खरंच अशी होती?" मी म्हटलं, "नव्हती." "मग कशी होती?" मी तोंड उघडलं आणि तोंडात 'मेचक' आला. मोराच्या पिसाऱ्यातल्या डोळ्याच्या काळ्याला मेचक म्हणतात. "बाबा, प्लीज, मराठीत," ती म्हणाली. "काळी होती. तुझ्यासारखी." "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. पुरावा तिच्या बाजूला होता, टीव्हीवर, सगळ्यांनी पाहिलेला. स्थळांना पाठवायच्या तिच्या माहितीच्या कागदावर माझ्या बायकोनं 'निमगोरी' लिहिलं तेव्हा मुलीनं ते खोडलं नाही, याचं मला त्या रात्री कोडं सुटलं. तिला वाटत होतं की घरात एवढं गोरेपण होतं आणि नेमकं तिच्याच वाट्याला आलं नाही. सर, हे तुम्ही केलंत. आईचा रंग घालवलात हे एक. पण माझ्या पोरीला तिची आजी परकी केलीत. ती जन्मालाही आली नव्हती तेव्हा.

निगेटिव्हवर ग्रेडिंग नसतं, हे तुम्हीच शिकवलंय. प्रिंट काहीही बोलो, निगेटिव्ह खिडकीतून जे आलं तेच सांगतं. मी संस्थेत खेटे घातले, अर्ज दिले, कोणाकोणाची मनधरणी केली, आणि शेवटी गोदामातून आंबूस वासाचा एक डबा निघाला. निगेटिव्ह कडेनं गेलेली, पण मधे शाबूत. ती स्कॅन करून घेतली. आता मी घरीच बसून रंगाचं काम करतो. बिल्डरांच्या जाहिराती असतात, आकाश निळं करायचं, लॉन हिरवं करायचं आणि बाल्कनीतलं कुटुंब गोरं करायचं. ते मी रीतसर पैसे घेऊन करतो. तुम्ही फुकट केलंत, म्हणून जास्त राग. तर मी मंडईत गेलो, तसलीच लहान, काटेरी देठांची वांगी निवडून आणली आणि खिडकीपाशी परातीत मांडली. बायको येऊन म्हणाली, "अहो, वांगी स्वयंपाकघरात न्यायची असतात." मी म्हटलं, "संदर्भासाठी आहेत." "संदर्भ संपला की कळवा, फोडणी टाकते," ती म्हणाली. मी राखाडी सदरा घातला. हो, घातला. पडद्यावर चित्र थांबवलं आणि आईच्या चेहऱ्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवला, कारण चेहऱ्याच्या बाबतीत डोळा नेहमी खुशामत करतो, हेही तुमचंच. मग नुसती वांगी बघत बसलो. खाली काळा. काळ्याच्या पोटात तांबडा. वर आभाळ. वांगी पडद्यावर आणि परातीत अगदी एक झाली, हळद हळदीसारखी झाली, पितळ पितळेसारखं झालं, तेव्हा मी पुठ्ठा काढला.

आई होती. कपाळावरच्या घामात खिडकीचा निळसर उजेड, गालाखाली तांबूस, आणि कानापाशी जवळजवळ जांभळ्यात जाणारं काळं. तिचा चेहरा इतका खरा होता की मी खुर्चीतून उठलो. आणि सर, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: एवढी काळी नव्हती ती. मी डोळे मिटले, भिंतीकडे बघितलं, पुन्हा पाहिलं. वांगी तपासली. वांगी बरोबर होती. चूक पडद्यावर नव्हती. इतकी वर्षं ती कॅसेट बघून बघून आई माझ्या आतही उजळत गेली होती, आत्यासारखीच. ज्याचा जन्मभर राग केला ते माझ्याच डोळ्यांत जाऊन बसलं होतं. आणि माझा हात बटणावर गेला. मी तिला दोन पॉइंट उजळ केलं. फार नाही. बाहेरच्या माणसाला दिसलंही नसतं. वांगी किंचित निस्तेज झाली, पण आई ओळखीची झाली. मी म्हटलं, असू दे एवढं. पोरीला पहिल्यांदा दाखवायचीय, बरी दिसावी. अगदी याच शब्दांत म्हटलं, सर, आणि तुम्ही बशीत चहा ओतल्याचा आवाज मला ऐकू आला.

तेवढ्यात खाली फाटकात स्कूटर वाजली. मुलगी आली होती. मी ते दोन पॉइंट घाईघाईनं उतरवले, चोरानं कपाट बंद करावं तसे. ती वर आली, हेल्मेट मांडीवर घेऊन बसली, शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "मागे घ्या ना." मी मागे घेतलं. तिनं बाही वर सारली आणि हात पडद्याला, आईच्या गालाशेजारी, लावून धरला. बराच वेळ. मी तिला लहानपणापासून पट्टीवरच्या वहिनींची गोष्ट सांगत आलोय, त्यामुळे ती म्हणाली, "आपली पट्टी ही." मग, "आणि आत्याआजी म्हणते दुधासारखी? मला पाठवा, आत्ता फॅमिली ग्रुपवर टाकते." आणि उठता उठता, परातीकडे नव्हे, पडद्याकडे बघत म्हणाली, "वांगी कसली ताजी आहेत हो!" मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

तर हे पत्र. तुम्हाला चोर म्हणायला बसलो होतो, आणि तुम्ही होतातच. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. शोकसभेतला गुलाबी फोटो अजून संस्थेत लावलेला आहे. हे पत्र त्याच्यामागे खोचून यावं असं ठरवलं होतं. पण ते आता माझ्या खणातच राहील. दोन पॉइंट मी उतरवले खरे. पण खाली स्कूटर वाजली नसती तर उतरवले असते का, हे मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही.